धबधब्याचं अनुमान

गेल्या वेळी आपण प्रत्यक्ष प्रमाण संपवलं. आज अनुमान. अनुमान म्हटलं की सगळ्यांना डोंगरावरचा धूर आणि अग्नी आठवतो. वर्गात आम्हीही वर्षानुवर्षं तेच सांगत आलो. पण न्यायसूत्रांवरचं वात्स्यायनाचं भाष्य उघडलं, तर अनुमानाचे प्रकार सांगताना तो आधी ढग दाखवतो आणि मग नदी. पाऊस लागला आहे, आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या आंबोलीकडे वळतील, काहींच्या डिकीत तंबूही असेल. तेव्हा धूर बाजूला ठेवू आणि पाण्याचंच उदाहरण नीट पाहू. हे उदाहरण न कळल्यामुळे दर पावसाळ्यात माणसं जातात.

गौतमाच्या पहिल्या अध्यायातलं पाचवं सूत्र अनुमान तीन प्रकारचं सांगतं: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. तिसरं आज सोडून देऊ. पूर्ववत् म्हणजे कारणावरून कार्याकडे जाणं. ढग दाटून आले, आता पाऊस पडेल. शेषवत् म्हणजे कार्यावरून कारणाकडे. नदीचं पाणी मघासारखं नाही, पात्र भरलंय, ओढ वाढलीय, म्हणजे वर कुठंतरी पाऊस पडून गेला. हे ‘वर कुठंतरी’ लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मालवणहून कुडाळ, सावंतवाडी करत आपण आंबोलीला निघतो. किनाऱ्यावर कदाचित ऊन असतं. समुद्रावरून आलेलं बाष्प सह्याद्रीला अडून वर चढतं, थंड होतं आणि घाटमाथ्यावर कोसळतं. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे आणि तिथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. किनाऱ्याच्या दुपटीहून अधिक. त्यात माथ्यावर जांभ्याचे सडे. सड्यावर माती जेमतेम बोटभर. पहिल्या पावसांनी सडा भिजून गच्च झाला की नंतरचं पाणी मुरत नाही, पडेल तितकं उताराला लागतं, व्हाळात येतं आणि कड्यावरून खाली उडी घेतं. धबधब्याखाली आपण जे अंगावर घेतो ते पाणी तिथं पडलेलं नसतंच. ते अर्ध्या तासापूर्वी, तासापूर्वी, आपल्याला न दिसणाऱ्या जागी पडलेलं असतं. आपण बघत असतो तो झाल्या घटनेचा शेवट.

तरीही आपण काय बघतो? आपल्या डोक्यावरचं आभाळ. ‘पाऊस थांबलाय, चला आत जाऊ,’ असं म्हणतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत लहान मुलं होती. त्याचं चित्रीकरण पुष्कळांनी पाहिलं असेल. पाणी वाढल्यावर ती सगळी प्रवाहाच्या मध्ये एकमेकांना धरून उभी होती. त्यांना कुणी मूर्ख म्हणू नये. त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला, तसा आपण सगळेच ठेवतो. पण इथं डोळ्यांचं काम संपतं आणि अनुमानाचं सुरू होतं. ते वेळेत सुरू व्हावं लागतं.

वेळेत म्हणजे कसं? पाणी वाढलेलं दिसल्यावर ‘वर पाऊस झाला’ हे शेषवत् अनुमान खरं, पण त्याचा उपयोग मर्यादित. तोवर उशीर झालेला असू शकतो. त्याला लगेच पूर्ववत् जोडावं लागतं: वर पाऊस झाला, म्हणून आणखी पाणी येणार. यासाठी खूण बारीक हवी. इथं वात्स्यायन फार कामाचा आहे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी म्हणतो, नदी फुगली म्हणून पाऊस झाला असं कसं म्हणता? खाली कुठं अडली तरीही ती फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार असं मानता, पण कुणी वारूळ मोडलं तरीही त्या निघतात. मोराचा आवाज माणूसही काढू शकतो. उत्तर असं की तुम्ही नुसतं ‘भरलेली नदी’ एवढंच बघता, आम्ही तेवढ्यावर अनुमान करत नाही. पावसानं आलेल्या पुराची ओढ वेगळी असते, त्यात फेस असतो, फळं, पानं, लाकडं वाहत येतात. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या या यादीत आजही फारसं कमी-जास्त करावं लागणार नाही. नितळ पाणी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा येऊ लागला, आवाज जाड झाला, की घोट्याएवढंच पाणी असलं तरी बाहेर पडायचं. मोबाईल, चपला, डबा राहू देत.

पूर्वपक्ष्याची ती ‘अडण्याची’ शंकाही फुकट नाही. पाऊस चालू असताना व्हाळाचं पाणी वाढण्याऐवजी एकदम उतरलं तर आपण खूश होतो. खरं तर तेव्हा घाबरायला हवं. वर दरड किंवा झाड पडून प्रवाह तुंबला असेल, तर तो अडसर फुटल्यावर सगळं पाणी एका दमात येतं. आणि दोडामार्गात तिलारीसारख्या धरणाखालच्या नदीवर असाल तर पाऊस नसतानाही पाणी चढू शकतं. तिथं ढग बघून चालत नाही, विसर्गाची सूचना बघावी लागते.

आता एक बारीक मुद्दा. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती ‘अनुपलब्धी’ हे वेगळं प्रमाण मानतात: टेबलावर घागर दिसत नाही, म्हणून ती नाही. पण त्याला अट आहे. ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घागर दिसली नाही म्हणून ती नाही असं ठरत नाही. आंबोलीत जुलै-ऑगस्टमध्ये कावळेसादच्या कठड्याशी उभे राहा, समोरची दरी धुक्यानं नाहीशी झालेली असते, वाऱ्यानं उलटं उडालेलं पाणी मात्र तोंडावर येतं. तिथं ‘काही दिसत नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा काढणाऱ्याला मीमांसकही वाचवू शकणार नाहीत.

हीच चूक पायाखालीही होते. सड्यावरच्या वीतभर डबक्यात काही नाही असं समजून आपण बूट बुडवतो. २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला आंबोलीचा छोटा भेक अशाच उथळ पाण्यात अंडी घालतो. हिरण्यकेशीच्या देवळापाशी २०२० मध्ये माशाची एक नवी जात नोंदली गेली आणि २०२१ मध्ये ती चिमुकली जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. भाविक तिथं पिढ्यान्‌पिढ्या येत होते. मासा होता, दिसत नव्हता एवढंच. जाता जाता: हिरण्यकेशीचं पाणी घटप्रभा आणि कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला जातं, आणि घाटातल्या मुख्य धबधब्याचं पश्चिमेच्या. एकाच गावचा पाऊस. हे आम्हाला अजून अद्भुत वाटतं.

तंबूबद्दल विचारणा झाली आहे. सिंधुदुर्गात राष्ट्रीय उद्यान नाही. जवळची म्हणजे गोव्यातलं मोले आणि वर चांदोली. पण आंबोलीचं रान राखीव आहे आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय जंगलात मुक्काम करता येत नाही. परवानगी मिळाली किंवा कुणाच्या खासगी जागेत उतरलात, तर व्हाळाकाठची सपाट वाळू टाळा. ती सपाट कशानं झाली? पाण्यानं. काठच्या झुडपांत कमरेच्या उंचीवर सुकलेलं गवत, प्लास्टिक अडकलेलं दिसलं तर तीच पुराची रेघ. तंबू तिच्या बराच वर. इथंही शेषवत्‌च.

आणि गुरं घेऊन जाणाऱ्या माणसाला विचारा. ‘शब्द’ हे प्रमाण पुढच्या वेळी घेऊच, पण आप्त कोण याची वात्स्यायनाची व्याख्या आत्ताच सांगून ठेवतो. ज्यानं गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ऋषी, आर्य, म्लेच्छ, सगळ्यांना तो हे एकच लक्षण लावतो. त्या गुराख्यानं व्हाळाचे तीस-चाळीस पावसाळे पाहिलेले असतात. रील करणाऱ्यानं एक दुपार पाहिलेली असते, तीही कापून जोडलेली. गुराखी ‘आता उतरू नका’ म्हणाला तर कारण विचारत बसू नका, ते वर चहाच्या टपरीवर बसून विचारता येईल.