रक्ती आव, संकोच आणि दुकानातली गोळी

नागपूरची रामदासपेठ म्हणजे दवाखान्यांची पेठ. विदर्भातून आणि मध्य प्रदेशातूनही रुग्ण येथे येतात. तरीही जुलाब लागले की अनेकजण दवाखान्याऐवजी औषधांचे दुकान गाठतात. शौचातून रक्त पडत असेल, तर ही सवय महागात पडते.

रक्ती आव दूषित पाण्याने होते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिचे शिगेला नावाचे जंतू लैंगिक संबंधातूनही पसरतात, हे फारसे बोलले जात नाही. रुग्णाच्या विष्ठेतील जंतू दुसऱ्याच्या तोंडात गेले की लागण होते. गुदद्वाराशी तोंडाचा किंवा हाताचा संपर्क आल्यास असे घडते. त्यासाठी दहा ते शंभर जंतूही पुरतात. पुरुषा-पुरुषांतील संबंधांत हा प्रसार अधिक आढळला असला, तरी असा संपर्क असलेल्या पती-पत्नींनाही धोका आहेच.

औषध पचवणारे जंतू

१९८४ साली पश्चिम बंगालमधील साथीत नेहमीची औषधे निकामी ठरली आणि नॅलिडिक्सिक ॲसिड वापरावे लागले. पुढे जंतूंनी तेही पचवले, नंतर सिप्रोफ्लॉक्सासिनही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या शिगेलाचे ४७ रुग्ण आढळले. त्यांतील बहुतेकांना लागण लैंगिक संबंधातून झाली होती. औषध पचवण्याचा हा गुण एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणून विनाकारण घेतलेली गोळी सर्वांनाच घातक ठरते.

काय करावे?

ताप, मुरडा आणि रक्तमिश्रित शौच असल्यास डॉक्टरांकडे जावे. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी शौचाची कल्चर तपासणी झाल्यास कोणते औषध लागू पडेल ते कळते. पुष्कळ रुग्ण जलसंजीवनी व विश्रांतीने पाच-सात दिवसांत बरे होतात. प्रतिजैविक हवे की नको, हे डॉक्टरांनी ठरवावे. रक्त पडत असताना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. ज्या पट्टीवर तांबडी उभी रेघ असेल, ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

बरे वाटल्यानंतरही काही आठवडे विष्ठेतून जंतू पडतात. म्हणून जुलाब थांबल्यावर दोन आठवडे संबंध टाळावेत. शौचानंतर हात साबणाने धुवावेत. आजारपणात इतरांसाठी स्वयंपाक करू नये.

आणि डॉक्टरांपासून काही लपवू नये. सज्ञान व्यक्तींचे संमतीने असलेले समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्हा राहिलेले नाहीत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे. खरे सांगितले, तर जोडीदारावरही वेळीच उपचार होऊ शकतात.