रुतलेला ट्रॅक्टर काढताना

पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पाण्यानं फुगते आणि टायरच्या गुट्ट्यांमध्ये गच्च भरते. मग पकड संपते. रेस वाढवली की चाक जागीच फिरतं आणि ट्रॅक्टरचं बूड चिखलाला टेकतं. जुलै 2023 ची अतिवृष्टी पाहिलेल्या संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

चाक घसरू लागताच थांबा. ट्रॉली सोडा, चाकामागचा चिखल फावड्यानं उपसा, तिथं पऱ्हाट्या-तुराट्या दाबून बसवा आणि डिफरन्शियल लॉक लावून आल्या चाकोरीनं हळू मागे या.

मागच्या चाकांना ओंडका बांधून ट्रॅक्टर पुढे काढण्याची युक्ती अनेक जण करतात. ती जीवघेणी आहे. चाक अडलं की इंजिनाचा सगळा जोर तोंड वर उचलतो आणि चालकानं क्लच दाबण्याआधीच ट्रॅक्टर मागे उलटतो. टोचन करतानाही तोच धोका असतो, म्हणून ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावा, टॉपलिंकला कधीच नाही. तुटलेला वायररोप चाबकासारखा येतो. बघ्यांना त्याच्या लांबीच्या किमान दीडपट दूर ठेवा.

पाणी एअर क्लीनरपर्यंत चढलं असेल, तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर आधी मेकॅनिक बोलवा.

नाल्याला पूर चढत असेल, तर ट्रॅक्टर तिथंच सोडून बाहेर या.