सूर लावण्याआधी गेन लावा

घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करणे आता अवघड राहिलेले नाही. मायक्रोफोन, छोटा ऑडिओ इंटरफेस आणि संगणक एवढी सामग्री पुरते. 'ऑडॅसिटी'सारखे सॉफ्टवेअर तर मोफत मिळते. तरीही आजीच्या जात्यावरच्या ओव्या हौसेने मुद्रित कराव्यात आणि ऐकताना नेमका वरचा सूर फाटलेला निघावा, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. दोष गळ्याचा नसतो, बहुधा मायक्रोफोनचाही नसतो. चुकलेले असते ते इनपुट गेन.

गेन आणि फेडर

मायक्रोफोनकडून येणारा विद्युत संदेश अतिशय क्षीण असतो. तो किती वाढवून संगणकाकडे पाठवायचा, हे इंटरफेसवरचा गेनचा नॉब ठरवतो. थेट यूएसबीला जोडायच्या मायक्रोफोनमध्ये हीच सोय मायक्रोफोनवर किंवा संगणकाच्या साऊंड सेटिंगमध्ये असते. सॉफ्टवेअरमधील ट्रॅकचा फेडर मात्र निराळा. मुद्रित आवाज आपल्याला किती मोठा ऐकू यावा, एवढेच बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या हाती असते. लाल दिवा लागला म्हणून फेडर खाली ओढला, तरी फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो. फक्त हळू ऐकू येतो.

याचे कारण असे, की डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. त्यापलीकडे जाणाऱ्या ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात. यालाच 'क्लिपिंग' म्हणतात. कापलेला भाग फाइलमध्ये नसतोच. दुरुस्तीची साधने त्या जागी केवळ अंदाजाने भर घालतात.

किती ठेवावे?

मीटर शून्याच्या जवळ नेण्याची सवय १६ बिटच्या काळातली आहे. एका बिटमागे सुमारे ६ डेसिबल या हिशेबाने १६ बिटला ९६, तर २४ बिटला तत्त्वतः १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो. त्यामुळे २४ बिट निवडून सरासरी पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि सर्वोच्च टोके उणे १० ते उणे ६ यांच्या खाली ठेवली, तरी गुणवत्तेत उणेपणा येत नाही. मात्र गेन फारच कमी ठेवल्यास नंतर आवाज वाढवताना इंटरफेसची खरखरही वाढते.

चाचणी घेताना 'हॅलो, हॅलो' म्हणून भागत नाही. गायकाला सर्वांत जोरकस तान घ्यायला सांगावी. प्रत्यक्ष गाताना गळा अधिक खुलतो, म्हणून चाचणीनंतर गेन आणखी तीन-चार डेसिबल उतरवावे. तबल्याचा आघात क्षणिक पण तीव्र असतो. तिथे सरासरी न पाहता टोकाचा आकडा पाहावा.

मुद्रणानंतर

आवाज कमी आला असेल, तर प्रथम ट्रॅकचे ट्रिम किंवा क्लिप गेन वाढवावे. 'प्रो टूल्स'मध्ये क्लिप गेनची सोय २०११ मध्ये आली. हा बदल कॉम्प्रेसरसारख्या इफेक्टच्या आधी होत असल्याने त्यांना योग्य पातळीचा आवाज मिळतो आणि फेडर पुढच्या मिश्रणासाठी मोकळा राहतो. ट्रॅक अनेक असतील, तर एकेकाशी झटापट करण्यात वेळ दवडू नये. सर्व ट्रॅक एकत्र निवडून किंवा त्यांचा गट करून गेन सारख्याच डेसिबलने बदलावे. गायन, तबला आणि हार्मोनियम यांचे परस्परांतील प्रमाण त्यामुळे ढळत नाही.

थोडक्यात, हळू झालेले मुद्रण बरेचसे सावरता येते. फाटलेल्या मुद्रणाला मात्र पुन्हा गाण्याखेरीज खात्रीचा उपाय नाही, आणि पुन्हा गाणारे माणूस दर वेळी समोर असतेच असे नाही. आजीला ओवी म्हणायला बसवण्याआधी दोन मिनिटे त्या नॉबसाठी द्यावीत, ती याचसाठी.