प्रगणक दारी येईल तेव्हा

जनगणना म्हणजे नुसती डोकी मोजणे, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज आहे. प्रगणक म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेचे गुरुजी किंवा बाई दारात येतात, घरातले कोणीतरी चार उत्तरे देते आणि विषय तिथेच संपतो. काय लिहिले गेले, हे कोणी विचारीत नाही. आमचे म्हणणे असे, की ती पाच मिनिटे आपल्या समाजाच्या पुढील दहा-पंधरा वर्षांची पाच मिनिटे असतात.

हे काम केंद्रीय गृहखात्याखालील भारताचे महानिबंधक व जनगणना आयुक्त यांच्याकडे आहे. १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी जनगणना झाली. २०२१ ची कोरोनामुळे होऊ शकली नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली आणि १९३१ नंतर प्रथमच सर्वांची जात नोंदविण्याचाही निर्णय झाला.

या आकड्यांवर काय अवलंबून असते? आपल्या यवतमाळ जिल्ह्याचेच पाहा. विधानसभेचे सात मतदारसंघ. त्यात उमरखेड अनुसूचित जातींसाठी, आर्णी व राळेगाव अनुसूचित जमातींसाठी राखीव. ही रचना २००१ च्या जनगणनेच्या आधारे झाली. घटनेच्या कलम ३३० व ३३२ प्रमाणे राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. म्हणजे आपल्या वस्तीत प्रगणकाने काय लिहिले, याचा हिशेब थेट विधानसभेपर्यंत जातो.

परमपूज्य बाबासाहेबांनी आकड्यांचे हे सामर्थ्य फार पूर्वी ओळखले होते. १९३२ साली मताधिकारासाठी लोथियन समितीचे काम चालू होते, तेव्हा काही प्रांतांतील सवर्ण पुढाऱ्यांनी आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच, असा पवित्रा घेतला. आकडाच नाही, तर हक्क कसला? बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. त्यांनी स्वतंत्र टिपण देऊन अस्पृश्यांच्या संख्येचा प्रश्न मांडला.

आता धम्मदीक्षेनंतरचे आकडे पाहा. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध होते सुमारे अडीच हजार. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मक्रांती झाली आणि १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २७ लाख ८९ हजार बौद्ध नोंदले गेले. जगाला त्या क्रांतीचा पुरावा याच सरकारी तक्त्याने दिला.

परंतु पुढे काय झाले? १९७१ ते १९८१ मध्ये राज्याची लोकसंख्या साडेचोवीस टक्क्यांनी वाढली, बौद्धांची जेमतेम एकवीस टक्क्यांनी. महाराष्ट्र शासनाच्या सवलती बौद्धांना होत्या, पण केंद्राच्या नव्हत्या. पोराच्या नोकरीसाठी कागदावर ‘हिंदू महार’ ठेवणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. १९९० मध्ये केंद्राने कायदा दुरुस्त करून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा दिला. लगेच १९९१ च्या जनगणनेत बौद्धांची वाढ सुमारे अठ्ठावीस टक्के दिसली, राज्याची सुमारे सव्वीस. भीतीचे कारण गेले, तशी माणसे खरे सांगू लागली.

२०११ मध्ये मात्र पुन्हा घसरण आहे. बौद्ध ६५ लाख ३१ हजार, पण राज्यातील प्रमाण ६.०३ वरून ५.८१ टक्क्यांवर आले. याला लहान कुटुंब हे एक कारण असू शकेल. पण नोंदीतील हलगर्जी हेही कारण आहे, असे आमचे अनुभवाचे मत आहे. त्या वर्षी आम्ही वस्त्यांतून फिरत होतो. एका घरी प्रगणकाने नाव ऐकले आणि धर्म न विचारताच ‘हिंदू’ लिहून टाकले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर होती! घरच्या मुलीने वही पाहण्याचा आग्रह धरला म्हणून दुरुस्ती झाली.

आता नेमके काय सांगायचे? धर्म विचारला की ‘बौद्ध’. ‘नवबौद्ध’ नको. अनुसूचित जातीचा प्रश्न वेगळा असतो. तिथे शासनाच्या यादीत असलेले जातीचे नाव सांगावे. ‘बौद्ध’ हे त्या यादीतील जातीचे नाव नाही. इथे अनेक उपासक आम्हाला विचारतात, “जात तर दीक्षाभूमीवर टाकून आलो, मग पुन्हा तोंडाने का उच्चारायची?” ही वेदना खरी आहे. पण तो प्रश्न आपल्या श्रद्धेचा नाही, कायद्याचा आहे. ज्या अन्यायाची भरपाई घटनेने देऊ केली, त्याची ती नोंद आहे. धर्माच्या रकान्यात आपण कोण झालो ते सांगावे, दुसऱ्या रकान्यात आपल्यावर काय लादले गेले होते ते सांगावे. दोन्ही सत्यच आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. आपण सांगू तोच धर्म लिहिणे प्रगणकावर बंधनकारक आहे, आणि तो प्रत्येक व्यक्तीला वेगळा विचारला पाहिजे. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे ही माहिती गुप्त राहते. ती कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. तेव्हा गावात कोणाला कळेल ही भीती नको.

माताभगिनींना विशेष विनंती. प्रगणक येतो तेव्हा बहुधा तुम्हीच घरी असता. तान्हे बाळ, अंथरुणाला खिळलेली आजी, माहेरी परतलेली लेक, कोणी सुटता कामा नये. फेब्रुवारीत आपल्याकडची कित्येक कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर बाहेरगावी असतात. त्यांनी तिथे तरी आपली नोंद करून घ्यावी. विहाराच्या रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे हा विषय समजावून द्यावा.

शेवटी एक आनंदाचा आकडा. २०११ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ७३ टक्के, बौद्धांची ८१ टक्के. हजार पुरुषांमागे स्त्रिया देशात ९४३, बौद्धांत ९६५. लेकींना जगविणारा आणि शिकविणारा हा समाज आहे, हे आपल्या भाषणांनी नव्हे, सरकारच्या तक्त्याने सिद्ध केले. जे आपण झालो आहोत, ते नोंदवूनही घेऊया.

जयभीम!