श्वानांतील हृदयकृमी रोग : उद्भव, निदान आणि उपचार

हिवताप आणि हत्तीरोग हे डासांमुळे फैलावणारे रोग किनारपट्टीतील जनतेला पिढ्यान् पिढ्या परिचित आहेत. हेच डास दारात बांधलेल्या कुत्र्यालाही चावतात आणि त्याच्या शरीरातही हत्तीरोगाच्या कृमीशी नाते सांगणारा एक कृमी सोडू शकतात, ही गोष्ट मात्र फारच थोड्या श्वानपालकांना ठाऊक असते. हा कृमी कुत्र्याच्या फुप्फुसांच्या धमन्यांत आणि हृदयाच्या उजव्या बाजूस ठाण मांडून बसतो, म्हणून त्याला हृदयकृमी असे म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत त्याचे नाव डायरोफायलेरिया इमिटिस असे आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ लीडी यांनी १८५६ साली त्याला इमिटिस, म्हणजे निर्दय, हे विशेषण दिले. हा रोग महिनोन् महिने कोणतेही चिन्ह न दाखविता वाढत राहतो हे ध्यानी घेतले, म्हणजे ते विशेषण सार्थ वाटू लागते.

अमेरिकेची दक्षिणेकडील राज्ये, इटलीतील पो नदीचे खोरे, जपान व ऑस्ट्रेलिया या प्रदेशांत हा रोग दीर्घकाळ ठाऊक आहे. भारतात आसाम, मिझोरम आदी ईशान्येकडील राज्यांत त्याची नोंद झालेली आहे. याच्याच जातकुळीतील दुसरा एक कृमी, डायरोफायलेरिया रेपेन्स, हा कुत्र्याच्या कातडीखाली राहतो व तो केरळसारख्या दक्षिणेकडील भागांत विशेष आढळतो. आजकाल बदलीच्या नोकरीमुळे वा खरेदी-विक्रीमुळे पाळीव कुत्री एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेली जातात. त्यामुळे एका प्रदेशातील रोग तेथेच राहील, असा भरवसा बाळगता येत नाही. २००५ साली अमेरिकेत कतरिना चक्रीवादळानंतर आखाती किनाऱ्यावरील हजारो निराधार कुत्री देशाच्या इतर भागांत हलविण्यात आली, तेव्हा त्यांच्यासोबत हृदयकृमीही तेथवर पोहोचले, हे उदाहरण या बाबतीत बोलके आहे.

कृमीचे जीवनचक्र

हृदयकृमीचा प्रसार एका कुत्र्यापासून दुसऱ्या कुत्र्यास थेट होत नाही. एकत्र राहण्याने, एका भांड्यात खाण्याने वा चाटण्याने हा रोग लागत नाही. त्यासाठी डासाचे माध्यम अपरिहार्य असते. बाधित कुत्र्याच्या रक्तात कृमीच्या मादीने प्रसविलेली असंख्य सूक्ष्म पिल्ले फिरत असतात. त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. डासाच्या मादीने रक्त शोषले की ही पिल्ले तिच्या पोटात जातात व तेथे दोनदा कात टाकून रोगसंक्रमणास समर्थ होतात. सुमारे २७ अंश सेल्सियस तापमानात या वाढीस १० ते १४ दिवस पुरतात. हवा थंड असेल तर अधिक काळ लागतो आणि तापमान सुमारे १४ अंशांखाली गेले तर ही वाढ थांबते. गोव्यात व कोकणपट्टीत दिवसाचे सरासरी तापमान इतके खाली उतरत नाही. साहजिकच, थंड देशांत हिवाळ्यात या रोगाच्या प्रसाराला जी नैसर्गिक विश्रांती मिळते, ती आपल्याकडे मिळत नाही.

समर्थ झालेली अळी डासाच्या सोंडेपाशी येते आणि पुढील दंशाच्या वेळी त्या जखमेतून दुसऱ्या कुत्र्याच्या शरीरात शिरते. प्रारंभी ती कातडीखालील ऊतींत व स्नायूंत राहते. पहिल्या काही दिवसांत एकदा व सुमारे दोन महिन्यांनी पुन्हा एकदा ती कात टाकते. त्यानंतर बाल्यावस्थेतील हा कृमी रक्तवाहिनीत प्रवेश करतो आणि दंशानंतर साधारण ७० ते ८५ दिवसांनी फुप्फुसांच्या धमन्यांत पोहोचू लागतो. तेव्हा त्याची लांबी अवघी ३ ते ४ सेंटिमीटर असते. पूर्ण वाढलेला नर १५ ते १८ सेंटिमीटर आणि मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते. नरमादीचे मीलन होऊन रक्तात नवी पिल्ले दिसू लागेपर्यंत दंशापासून सहा ते सात महिने उलटलेले असतात. प्रौढ कृमी पाच ते सात वर्षे जगतात. तेवढा सारा काळ तो कुत्रा परिसरातील डासांना रोगबीज पुरवीत राहतो.

शरीरावर होणारा परिणाम

कृमी रक्तप्रवाहात लोंबकळत असल्यामुळे धमन्यांचा आतील गुळगुळीत पडदा खरखरीत होतो, भिंती जाड होतात आणि वाहिन्या अरुंद बनतात. अशा वाहिन्यांतून फुप्फुसांकडे रक्त ढकलण्यासाठी हृदयाच्या उजव्या भागाला जादा जोर लावावा लागतो. कालांतराने तो भाग विस्तारतो व अखेर थकतो. मेलेल्या कृमीचे तुकडे रक्तप्रवाहाबरोबर पुढे जाऊन लहान वाहिन्यांत अडकतात व तेथे रक्त साकळते. म्हणजे जिवंत कृमी जसा घातक, तसाच मेलेलाही. उपचाराची सारी पद्धती या एका गोष्टीवर आधारलेली आहे.

पहिल्या अवस्थेत कुत्रा वरकरणी धडधाकट दिसतो. पुढे अधूनमधून कोरडा खोकला येऊ लागतो. नेहमीच्या फेरफटक्यात तो लवकर दमतो, त्याचे खाणे कमी होते, वजन घटते. रोग बळावल्यावर श्वास लागतो, कधी घेरी येते, पोटात पाणी साठून पोट फुगते. कृमींची संख्या फार वाढली तर त्यांचा पुंजका हृदयाच्या उजव्या कप्प्यात व त्यास मिळणाऱ्या महाशिरेत शिरून रक्ताची वाट अडवितो. अशा वेळी कुत्रा अकस्मात कोसळतो, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात व लघवी कॉफीच्या रंगाची होते. तातडीने कृमी काढले नाहीत तर तो बहुधा दगावतो. खोकला व दम या लक्षणांवरून मालक पुष्कळदा म्हातारपणाचा किंवा सर्दीचा तर्क करतात आणि मोलाचा काळ निघून जातो.

निदान

केवळ लक्षणांवरून या रोगाचे निदान होत नाही. रक्ततपासणी आवश्यक असते. सर्वांत जुनी व अल्पखर्चाची पद्धत म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातील पिल्ले शोधणे. ताज्या रक्ताच्या थेंबात ती वळवळताना दिसू शकतात. परंतु त्यांची संख्या थोडी असेल तर ती निसटतात. म्हणून एक मिलिलिटर रक्त सौम्य फॉर्मॅलिनमध्ये मिसळून, यंत्रावर फिरवून, तळाशी बसलेला साका निळ्या रंगद्रव्याने रंगवून तपासतात. ही नॉट चाचणी होय. तिचा दुसरा लाभ असा की, कातडीखालील निरुपद्रवी वा अल्प उपद्रवी कृमींची पिल्ले कोणती व हृदयकृमीची कोणती, हे आकारमानावरून व ठेवणीवरून ओळखता येते. जेथे अन्य जातींचे कृमी अधिक आढळतात, तेथे हा भेद करणे अगत्याचे असते.

तथापि, रक्तात पिल्ले नसली म्हणजे रोग नाही असे ठरत नाही. केवळ एकाच लिंगाचे कृमी असतील, कृमी अजून लहान असतील किंवा पूर्वी दिलेल्या औषधाने पिल्ले नष्ट झाली असतील, तर रक्त स्वच्छ दिसते. यासाठी प्रतिजन चाचणी करतात. प्रौढ मादीच्या शरीरातून रक्तात उतरणारी विशिष्ट प्रथिने ही चाचणी ओळखते व काही मिनिटांत निकाल देते. तिलाही मर्यादा आहेत. फक्त नर कृमी असल्यास अथवा दंशाला पाच-सहा महिने झालेले नसल्यास ती नकारात्मक येते. सात महिन्यांखालील पिलांची ही चाचणी करण्यात फारसा अर्थ नसतो, तो याच कारणाने. दोन्ही चाचण्या जोडीने केल्यास चुकीचा संभव कमी होतो. रोगाने शरीराची किती हानी केली आहे, हे पाहण्यासाठी छातीचा क्ष-किरण फोटो व शक्य तेथे हृदयाची सोनोग्राफी करतात.

उपचाराचे टप्पे

रोग निश्चित झाल्यावर सर्व कृमी ताबडतोब मारून टाकावेत, असे कोणासही वाटेल. परंतु एकाच वेळी पुष्कळ कृमी मेले तर त्यांचे अवशेष फुप्फुसांत अडकून कुत्र्याचा प्राण जाऊ शकतो. म्हणून उपचार टप्प्याटप्प्याने होतो आणि तो पुरा होण्यास कित्येक महिने लागतात.

पहिल्या टप्प्यात डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चार आठवडे देतात. हृदयकृमीच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जीवाणू सहवासाने राहतात व त्यांच्यावाचून कृमी दुर्बळ होतो. हे जीवाणू आधीच नष्ट केल्यास कृमी मरताना होणारा दाहही सौम्य राहतो. याच सुमारास नवे कृमी वाढू नयेत म्हणून प्रतिबंधक औषध सुरू करतात आणि आवश्यकतेप्रमाणे दाह कमी करणारी स्टेरॉइडे उतरत्या मात्रेत देतात. त्यानंतर प्रौढ कृमींवर मेलार्सोमाइन या सोमलयुक्त औषधाची इंजेक्शने कमरेच्या स्नायूंत खोलवर दिली जातात. प्रथम एक, त्यानंतर एक महिन्याने दुसरे व चोवीस तासांनी तिसरे, असा क्रम आज श्रेयस्कर मानला जातो. पहिल्या इंजेक्शनाने काही कृमी मरतात व उरलेल्यांचा निकाल पुढील दोहोंनी लागतो. त्यामुळे फुप्फुसांवर एकदम भार येत नाही. हे औषध सर्वत्र सहज मिळत नाही. ते उपलब्ध नसेल तेथे डॉक्सिसायक्लिन व मॉक्सिडेक्टिन यांचा दीर्घकालीन उपयोग पशुवैद्यक सुचवितात. त्या मार्गाने कृमी मरण्यास बराच काळ लागतो व तेवढा वेळ धमन्यांची हानी चालू राहते. महाशिरेत अडकलेले कृमी मात्र औषधाने नव्हे, तर मानेच्या शिरेतून चिमटा घालून शस्त्रक्रियेनेच काढावे लागतात.

या सर्व काळात मालकाने करावयाची गोष्ट एकच, परंतु ती सर्वांत कठीण असते : कुत्र्याला संपूर्ण विश्रांती देणे. धावणे, खेळणे, जिना चढणे यांमुळे रक्तप्रवाह वाढतो व मृत कृमींचे तुकडे वाहिन्यांत अडकण्याचा धोका वाढतो. शेवटच्या इंजेक्शनानंतर सहा ते आठ आठवडे कुत्र्याला साखळीने बांधूनच शौचास न्यावे. औषधाने तरतरी आलेला कुत्रा उड्या मारू लागतो आणि मालकालाही त्याला मोकळे सोडण्याचा मोह होतो. अनेकदा दुर्घटना घडते ती याच वेळी. उपचाराचे यश पाहण्यासाठी शेवटच्या इंजेक्शनानंतर सुमारे नऊ महिन्यांनी प्रतिजन चाचणी पुन्हा करावी लागते.

प्रतिबंधक औषधे आणि एक इशारा

या रोगाच्या प्रतिबंधाच्या इतिहासात एका भारतीय शास्त्रज्ञाचे नाव आदराने घ्यावे लागते. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत डायएथिलकार्बामाझिन हे औषध सिद्ध झाले. मनुष्याच्या हत्तीरोगावर ते आजही वापरले जाते. पुढे कुत्र्यांना हृदयकृमीच्या प्रतिबंधासाठी ते रोज देण्याची पद्धत पडली. नंतर जपानमधील मातीत सापडलेल्या जीवाणूपासून आयव्हरमेक्टिन निर्माण झाले व १९८७ साली अमेरिकेत त्याची महिन्यातून एकदा द्यावयाची मात्रा प्रचारात आली. या संशोधनाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला.

मासिक औषध हे भावी डासांपासूनचे कवच नव्हे. मागील महिन्याभरात शरीरात शिरलेल्या अळ्या ते मारते. म्हणूनच मात्रा चुकवून चालत नाही. दोन-तीन महिने खंड पडल्यास कृमी त्या औषधाला दाद देण्याच्या वयापलीकडे गेलेले असतात.

येथे एक इशारा आवश्यक आहे. गुरांसाठी मिळणारे आयव्हरमेक्टिनचे तीव्र इंजेक्शन स्वस्त पडते म्हणून ते परस्पर कुत्र्याला देण्याचा प्रकार कटाक्षाने टाळला पाहिजे. कुत्र्यास प्रतिबंधासाठी लागणारी मात्रा वजनाच्या दर किलोला अवघी ६ मायक्रोग्रॅम असते. गुरांच्या औषधाचा एक थेंबही तिच्या कितीतरी पट भरू शकतो. कॉली व तिच्याशी संबंधित जातींच्या अनेक कुत्र्यांत हे औषध मेंदूत शिरण्यास अटकाव करणारी व्यवस्था जन्मतःच सदोष असते आणि मोठ्या मात्रेने ती बेशुद्ध होऊन दगावतात. शिवाय रक्तात पुष्कळ पिल्ले असलेल्या कुत्र्यास तपासणीवाचून औषध दिले, तर ती एकदम मरून कुत्र्याला तीव्र धक्का बसू शकतो. डायएथिलकार्बामाझिनच्या बाबतीत हा धोका विशेष मोठा आहे. आधी रक्ततपासणी, नंतर औषध, हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये.

मनुष्याला धोका आहे काय ?

बाधित डास मनुष्यालाही चावतो. परंतु मनुष्याच्या शरीरात हृदयकृमी सहसा पूर्ण वाढत नाही. क्वचित तो फुप्फुसात मरून लहानशी गाठ उत्पन्न करतो. क्ष-किरण फोटोत ती कर्करोगाची गाठ असल्याचा संशय येऊ शकतो. कातडीखालील दुसरा कृमी माणसाच्या डोळ्यात वा कातडीत सापडल्याच्या घटना केरळात नोंदल्या गेल्या आहेत. कुत्र्याला हाताळल्याने यांपैकी काहीही होत नाही. यास्तव रोगी कुत्र्याला रस्त्यावर सोडून देणे हे निष्ठुरपणाचे तर आहेच, शिवाय रोगप्रसाराला हातभार लावणारेही आहे.

डासांचा बंदोबस्त हा या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग होय. पावसाळ्यात पडीक चिरेखाणी, नारळाच्या करवंट्या, जुने टायर, उघडी पिंपे व तुंबलेली गटारे ही डासांची जन्मस्थाने बनतात. ती नाहीशी केल्यास हिवताप, डेंगी व हत्तीरोग यांनाही आळा बसतो. कुत्र्याला संध्याकाळनंतर जाळीच्या खोलीत किंवा मच्छरदाणीत बांधणे हा साधा उपायही उपयुक्त ठरतो. पिलू आठ आठवड्यांचे झाले की प्रतिबंधक औषधाविषयी पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा आणि प्रौढ कुत्र्याची वर्षातून एकदा रक्ततपासणी करून घ्यावी. कुत्रा परराज्यातून आणलेला असल्यास ही तपासणी आल्याबरोबर व पुन्हा सहा महिन्यांनी करावी, कारण पहिल्या वेळी दंश नुकताच झालेला असेल तर तो कोणत्याही चाचणीला दिसत नाही. कित्येक महिन्यांचा धोकादायक उपचार आणि महिन्यातून एक गोळी, यांपैकी निवड करण्याची संधी मालकाला कुत्रा निरोगी असेपर्यंतच असते.