त्या बॅचवर सही कुणाची?

२०२५ च्या सप्टेंबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातून लहान मुलं नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. हा कोळशाच्या खाणींचा पट्टा. मोठं दुखणं निघालं की इथल्या माणसांना नागपूरच गाठावं लागतं. मुलांची कहाणी जवळपास सारखीच होती. सर्दी, खोकला, थोडा ताप. डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिलं. ताप उतरला आणि मग लघवी बंद झाली. काहींना डायलिसिसवर ठेवलं, काहींना व्हेंटिलेटरवर. मूत्रपिंडाच्या तपासणीतून विषबाधेचा संशय बळावला. वीसहून अधिक मुलं दगावली आणि त्यांतली बहुतेक पाच वर्षांच्या आतली होती.

औषधाचं नाव ‘कोल्ड्रिफ’, बॅच एसआर-१३. तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या ‘स्रेसन फार्मास्युटिकल्स’ या छोट्या कारखान्यात ते तयार झालं होतं. ऐन दसऱ्याच्या सुट्टीत तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने नमुने घेतले आणि दोन दिवसांत अहवाल दिला : औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल. मर्यादा आहे ०.१ टक्का. म्हणजे बाटलीत जवळपास अर्धं विषच होतं. कारखान्याच्या तपासणीत साडेतीनशेहून अधिक त्रुटी निघाल्या. त्या काही एका रात्रीत तयार झालेल्या नव्हत्या. बॅच विकली गेली, मुलं गेली, त्यानंतर त्या मोजल्या गेल्या.

या घटनेची बातमी ‘विषारी कफ सिरप’ या मथळ्याखाली महिनाभर चालली. डॉक्टरला अटक झाली, मालकाला अटक झाली, परवाना रद्द झाला. पण हे विष औषधात पहिल्यांदा आलेलं नाही. ते येतं कसं, हे जगाला १९३७ पासून ठाऊक आहे, आणि ते रोखायला लागणारी चाचणीही ठाऊक आहे. तरी ते पुन्हा पुन्हा येतं, कारण त्याची किंमत ज्याने चुकवायची तो ती चुकवत नाही.

डायएथिलीन ग्लायकॉल हा रंगहीन, दाटसर, चवीला गोडूस द्रव. ब्रेक ऑइल, शाई, रंग अशा उद्योगांत तो लागतो. औषधात त्याचं काही काम नाही. पण पॅरासिटामॉलसारखी औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून मुलांच्या पातळ औषधात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल घालावं लागतं. हे द्रव दिसायला आणि हाताला डायएथिलीन ग्लायकॉलसारखेच लागतात, आणि औषधी दर्जाचा माल औद्योगिक मालापेक्षा महाग असतो. मूळ उत्पादकाकडून निघालेला ड्रम व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरत कारखान्यात पोहोचेपर्यंत कुठेतरी लेबल बदलतं, कुठेतरी भेसळ होते, आणि सोबतचं ‘सीओए’, म्हणजे मालाच्या तपासणीचं प्रमाणपत्र, मात्र तेच राहतं. पोटात गेल्यावर शरीर या रसायनापासून डायग्लायकॉलिक आम्ल तयार करतं आणि ते मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी मारतं. मुलाला दोन-तीन दिवस बरं वाटतं आणि मग लघवी थांबते.

हे ओळखायची एक चाचणी अगदी साधी आहे. सिलिकाचा पातळ थर दिलेली पट्टी घ्यायची, खालच्या कडेपासून बोटभर वर ड्रममधल्या नमुन्याचा एक थेंब टेकवायचा, शेजारी ओळखीच्या डायएथिलीन ग्लायकॉलचा एक. पट्टी द्रावकात उभी करायची. द्रावक हळूहळू वर चढतो आणि थेंबांतली रसायनं सोबत ओढत नेतो. पट्टी वाळली की रंग आणणारं रसायन फवारायचं. दोन्ही ठिपके एकाच उंचीवर उमटले, तर तो ड्रम परत. हे तासा-दोन तासांचं काम. अट एवढीच की प्रत्येक ड्रम तपासला पाहिजे, कारण एकाच खेपेत नऊ ड्रम चांगले आणि दहावा भेसळीचा असू शकतो. कच्च्या मालाची प्रत्येक खेप आणि तयार औषधाची प्रत्येक बॅच उत्पादकाने तपासलीच पाहिजे, हे आपल्या १९४५ च्या औषध नियमावलीत परवान्याच्या अटींतच लिहिलेलं आहे. ‘पुरवठादाराने फसवलं’ हा बचाव त्यामुळे मुळातच उरत नाही. फसवणूक पकडणं हेच त्या कारखान्याचं काम होतं.

हे विष औषधात पहिल्यांदा आलं तेव्हा जबाबदारी कशी झटकली गेली ते पाहण्यासारखं आहे. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ‘एस. ई. मॅसेनगिल’ कंपनीने सल्फानिलामाइड हे त्या काळचं नवं जंतुनाशक औषध पातळ रूपात बाजारात आणलं. ते विरघळवायला कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने डायएथिलीन ग्लायकॉल निवडलं. रंग, चव, वास तपासला. ते विषारी आहे का, हे तपासलं नाही. तसं तपासण्याची सक्तीच तेव्हा कायद्यात नव्हती. काही आठवड्यांत शंभरावर माणसं मेली, त्यांत ३४ मुलं. २४० गॅलन औषध तयार झालं होतं. ते परत मिळवायला सरकारच्या अन्न-औषध खात्याने आपला जवळजवळ सगळा तपासणी कर्मचारीवर्ग रस्त्यावर उतरवला. माणसं दुकानादुकानांत गेली, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या चाळल्या, रुग्णांची घरं शोधली, आणि २३४ गॅलन परत मिळवलं. पण कंपनीवर गुन्हा कोणता दाखल झाला? चुकीच्या नावाने विकल्याचा. बाटलीवर ‘एलिक्सर’ लिहिलं होतं आणि त्या काळच्या व्याख्येप्रमाणे एलिक्सरमध्ये अल्कोहोल असायला हवं होतं, ते नव्हतं. शंभर जिवांचा हिशेब बाटलीवरच्या एका नावापाशी मिटवावा लागला. दंड झाला २६,१०० डॉलर. मालकाने आपली जबाबदारी नाकारली. रसायनतज्ज्ञ हॅरॉल्ड वॉटकिन्स याने आत्महत्या केली.

पण लोकक्षोभ वाया गेला नाही. जून १९३८ मध्ये नवा कायदा झाला आणि औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं कंपनीने दाखवून देण्याची सक्ती झाली. या विषाचा अभ्यास शिकागोत झाला, आणि त्या प्रयोगशाळेत काम केलेल्या विद्यार्थिनीने, फ्रान्सिस केल्सीने, पुढे अमेरिकेत थॅलिडोमाइड या घातक औषधाची परवानगी अडवून धरली. एका दुर्घटनेतून एक संस्था शहाणी झाली आणि तिने पुढची दुर्घटना टाळली, हे या सगळ्या इतिहासातलं मला सर्वात मोलाचं वाटतं.

आपल्याकडे असं शहाणपण यायला मुंबईत मोठी संधी होती. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण एकापाठोपाठ मूत्रपिंड निकामी होऊन गेले. मेंदूची सूज किंवा डोळ्यांतला दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरीन दिलं होतं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. ते औषधी ग्लिसरीन नव्हतंच, उद्योगांत वापरायचं होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि ती पुरवठादारापाशी थांबवली नाही. रुग्णालयाची खरेदी कशी होते, सर्वात कमी दराचं टेंडर कुणाला मिळतं, अन्न व औषध प्रशासनात परवाने कसे दिले जातात आणि कारवाया कशा गोठवल्या जातात, सगळं त्यांनी उघड्यावर आणलं. अहवालाने अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला, मंत्र्यांवरही ठेवला. केईएमचे मेंदूशल्यचिकित्सक सुनील पंड्या यांनी १९८८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यावर लिहिलं. माझ्या मते महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्यावर लिहिला गेलेला हा सर्वात निर्भीड सरकारी दस्तऐवज. अडचण अशी की तो वाचला खूप गेला आणि अमलात थोडा आला.

१९९८ मध्ये गुडगाव परिसरात ३३ मुलं गेली. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूच्या उधमपूर जिल्ह्यात, रामनगरला १२. २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० मुलं गेली, त्यांच्याशी हरियाणातल्या कंपनीच्या सिरपचा संबंध असू शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. आपल्या औषध नियंत्रकांनी मात्र इथले नमुने निर्दोष असल्याचं कळवलं. त्याच वर्षी उझबेकिस्तानात नोएडाच्या कंपनीचं औषध घेतलेली मुलं गेली. प्रत्येक वेळी तोच द्रव, तेच लक्षण.

आता भरपाईचं पाहू. रामनगरच्या पालकांना प्रत्येकी तीन लाख रुपये मिळावेत असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने सांगितलं. जम्मू-काश्मीर प्रशासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथे हरलं. पैसे देण्याचा आदेश होता तो सरकारला, म्हणजे करदात्यांच्या तिजोरीतून. ज्या कंपनीच्या बाटलीत विष होतं तिला नाही. तपासणी खात्याचा हलगर्जीपणा होता, तेव्हा सरकारने देणं योग्यच. पण औषध विकून नफा घेतला त्याच्या खिशाला त्या आदेशाने हात लागला नाही. उझबेकिस्तानने २०२४ मध्ये वीसहून अधिक जणांना शिक्षा ठोठावल्या, त्यांत औषध आयात करणाऱ्या कंपनीच्या भारतीय संचालकाला वीस वर्षं. इंडोनेशियात अशाच औषधांनी दोनशेहून अधिक मुलं गेली होती. तिथे उत्पादक कंपनीच्या प्रमुखाला तुरुंगवास झाला आणि पुढे जकार्ताच्या न्यायालयाने कंपनी आणि कच्च्या मालाचा पुरवठादार या दोघांनी पालकांना भरपाई द्यावी असा निकाल दिला. मुलामागची रक्कम तुटपुंजीच होती. तरी पैसे कुणी द्यायचे, याचं उत्तर बरोबर होतं.

आपला कायदा कागदावर कमजोर नाही. भेसळीच्या औषधाने मृत्यू झाला तर किमान दहा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, आणि किमान दहा लाखांचा दंड, जो मृताच्या वारसांना द्यायचा आहे. कंपनीने गुन्हा केला तर कारभार पाहणारी माणसंही दोषी धरायची आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरण आलं. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकाकडून भरपाई मागता येते. मग अडतं कुठे? अडतं ते तपासणीपाशी. परवाना राज्य देतं, औषध देशभर विकलं जातं, आणि एका राज्यात नापास झालेल्या बॅचची दुसऱ्या राज्यात विक्री चालू राहते. बाजारातून औषध परत मागवण्याचा स्वतंत्र कायदा नाही, मार्गदर्शक सूचना आहेत. निर्यातीच्या कफ सिरपला सरकारी प्रयोगशाळेची चाचणी २०२३ च्या जूनपासून सक्तीची झाली. परदेशी जाणाऱ्या बाटलीला जी चाचणी, ती परासियाला जाणाऱ्या बाटलीला नव्हती. याचा मला मनापासून राग येतो. आणि त्याच वर्षी ‘जन विश्वास’ कायद्याने कमी दर्जाच्या औषधाबद्दलचे काही गुन्हे दंड भरून तडजोडीने मिटवण्याची वाट मोकळी केली.

या सगळ्यात एका माणसाबद्दल कुणी बोलत नाही : कारखान्याच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, बसलेला केमिस्ट. ड्रम गोदामात आला तेव्हा सील आधीच उघडलेलं होतं का, नमुना खरंच काढला की जुन्याच अहवालावरचे आकडे उतरवले, पावती होती की माल बिनबिलाचा आला, हे औषध निरीक्षकाच्या फार आधी त्याला माहीत असतं. बॅच सोडताना कागदावर सही त्याची किंवा त्याच्या साहेबाची. छोट्या कारखान्यात तो कंत्राटावर असतो, पगार बेताचा, आणि त्याने ‘ही बॅच मी सोडणार नाही’ म्हटलं तर उद्या त्याच्या खुर्चीत दुसरा बसतो. ग्राहकाच्या जिवाची सुरक्षितता अशा कामगाराच्या नोकरीच्या सुरक्षिततेवर उभी आहे. म्हणून कामगार आणि ग्राहक यांचे प्रश्न वेगवेगळ्या टेबलांवर ठेवणं मला चुकीचं वाटतं.

रॅनबॅक्सी या औषध कंपनीचं उदाहरण घ्या. औषधांच्या चाचण्यांचे आकडे बनावट असल्याचं तिथे बाहेरच्या कुणी पकडलं नाही; कंपनीतल्या दिनेश ठाकूर यांनी पकडलं. त्यांनी २००५ मध्ये नोकरी सोडली आणि माहिती अमेरिकेच्या औषध खात्याला दिली. मे २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरले. तिथल्या कायद्यानुसार त्यातला वाटा ठाकूर यांना मिळाला, म्हणजे सत्य सांगणाऱ्याला उपाशी मरावं लागलं नाही. हेच ठाकूर २०१६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात औषध नियंत्रणाबद्दलची जनहित याचिका घेऊन गेले, तेव्हा ती फेटाळली गेली. आपल्याकडे जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला. तो सरकारी कारभारापुरता आहे, आणि तोही अमलात आणलेला नाही. खासगी कारखान्यातल्या केमिस्टसाठी तर तेवढंही नाही. बॅच अडवणाऱ्याला कामावरून काढलं, तर ती बॅच आपोआप सरकारी तपासणीला जाईल, एवढी एक तरतूद झाली तरी पुष्कळ फरक पडेल. निम्मं काम भीतीच करेल, आणि या वेळी ती मालकाची भीती असेल.

ग्राहकाच्या हातातही काही आहे, आणि ते वापरलं जात नाही. औषध कायद्याचं कलम २६ सांगतं की कुणीही माणूस किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, विकत घेतलेलं औषध ठरावीक फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. कलम ३२ त्याच संघटनेला स्वतः खटला दाखल करण्याचा अधिकार देतं. निरीक्षकाची वाट पाहायला नको. त्यासाठी मेडिकलमधून घेतलेल्या बाटलीचं पक्कं बिल लागतं, बॅच नंबर लिहिलेलं. महाराष्ट्रात पुण्याच्या ग्राहक पंचायतीपासून पन्नास वर्षांची ग्राहक चळवळ आहे, मुंबई ग्राहक पंचायतीची हजारो घरं दर महिन्याला एकत्र खरेदी करतात. वजन-माप, भेसळीचं तेल, बिल्डरची फसवणूक यांवर या संघटना लढल्या आणि जिंकल्या. पावसाळा संपता संपता, सर्दी-खोकल्याचा हंगाम लागण्याआधी, जिल्ह्याजिल्ह्यातल्या दुकानांतून मुलांच्या पातळ औषधांच्या बाटल्या बिलासकट उचलायच्या, कलम २६ खाली तपासायला द्यायच्या, आणि अहवाल उत्पादकाच्या नावासह, बॅचसह प्रसिद्ध करायचे. फी किरकोळ आहे, कायदा आधीच आहे, आणि नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरच्या गावांपासून सुरुवात करता येईल.