'कूलर' या शब्दाचा घोटाळा आणि संगणकाचा ताप

भंडारा जिल्ह्यात 'कूलर' म्हटले की वाळ्याच्या ताट्या आठवतात. तेथे पाण्याच्या बाष्पीभवनाने आत येणारी हवा बाहेरच्या हवेहून थंड होते. घरी जुळविलेल्या संगणकातील द्रव-कूलरमध्ये बाष्पीभवन मुळीच नसते. बंद नळ्यांतील द्रव प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत केवळ वाहून नेतो. म्हणून मे महिन्यात खोली ४२ अंशांवर असता चालू प्रोसेसर त्याखाली उतरणे नाही. दोष शोधावयाचा तो या दोन तापमानांतील अंतरावरून, आणि ते किती वेगाने वाढते त्यावरून. संगणक सुरू होताच काही क्षणांत ९० अंश ओलांडले, तर पंप बंद असावा किंवा ताम्रपट्टीचा स्पर्श सैल असावा (पट्टीवरील प्लॅस्टिकचा पापुद्रा तसाच राहणे हेही घडते!). जड काम चालू असता दहा-पंधरा मिनिटांत तापमान हळूहळू चढत गेले, तर रेडिएटरवरील धूळ व पंखे पाहावेत. पंप सर्वांत उंच बसविल्यास त्यात हवा साठते. रेडिएटरचा माथा त्याहून वर हवा.